ग्रीन टी प्यायचा कधी, किती आणि कुणी

गेल्या अंकात चहातल्या साखरेचा हिशोब दिला होता. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, मग साधा चहा सोडून ग्रीन टी चालू करू का. नाशकात थंडी पडली की तसंही दिवसभर काहीतरी गरम हातात लागतंच, त्यामुळे या वेळचं सगळं सदर ग्रीन टीवरच घेतलंय. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त भाग लिहिलाय.

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे, सहा महिने झाले रोज तीन कप ग्रीन टी घेतेय, कडू लागतो म्हणून एक एक चमचा मध घालते. शेजारची म्हणते पोटाची चरबी वितळते, माझं तर अर्धा किलो पण कमी झालं नाही. सकाळ संध्याकाळचा दुधाचा चहा मात्र सुटत नाही. माझं काय चुकतंय? — इंदिरानगर

ताई, तुमचं चुकत काही नाहीये, तुम्हाला सांगितलं गेलं तेच चुकीचं होतं. चरबी वितळवणारा चहा असा नसतो. ग्रीन टीत कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य ईजीसीजी, आणि सोबत थोडं कॅफीन, या दोघांमुळे शरीराचं इंधन जळणं जरासं वाढतं हे खरंय, पण ते इतकं थोडं असतं की वजनकाट्यावर दिसतच नाही. कॉक्रेन म्हणून जी संस्था आहे, जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासते, त्यांनी २०१२ साली वजनाबद्दलच्या चाचण्या बघितल्या आणि निष्कर्ष काढला की जाड लोकांमधे जी घट दिसते ती फार किरकोळ आहे, तब्येतीला फरक पडेल एवढी नाही. तेव्हा सहा महिन्यात काही झालं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता तुमच्याच पत्रातला हिशोब करू. दुधाचा चहा सुटला नाही म्हणजे ग्रीन टी वरून वाढला, आणि त्यात मध. एक छोटा चमचा मध म्हणजे साधारण २० कॅलरी, तीन कपाचे ६०. मध नैसर्गिक असला तरी शरीर त्याला साखरच समजतं, याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे आणि मला दर आठवड्याला कुणाला ना कुणाला तरी हे सांगावं लागतं. म्हणजे वजन कमी करायला घेतलेल्या गोष्टीनेच रोज ६० कॅलरी वाढवल्या.

याउलट समजा दिवसाला चार कप दुधाचा चहा आहे, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर झाली, १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आपण चहातच ती ओलांडून बसतो. चारातले दोन कप काढून त्यांच्या जागी बिनसाखरेचा ग्रीन टी आला तर २० ग्रॅम साखर तिथेच गेली. आणि आणखी एक, दुधाच्या चहासोबत खारी येते, टोस्ट येतो, बिस्कीटचा पुडा उघडा असतो, ग्रीन टीत कुणी खारी बुडवून खात नाही. माझ्याकडे येणाऱ्यांमधे ज्यांचं वजन खरंच उतरलं ना, त्यांचं मला तरी असंच उतरलेलं दिसलं, काय पितोय त्यापेक्षा कशाच्या जागी पितोय यानं. म्हणून तुम्ही सकाळचा एक चहा ठेवा, मनापासून प्या, संध्याकाळच्या चहाच्या जागी ग्रीन टी घ्या आणि मध बंद करा. कडू लागतो तो बहुतेक उकळत्या पाण्यामुळे, त्याचं खाली लिहिते.

प्रश्न : आमच्या बांधावर गवती चहा भरपूर आहे. तोच ग्रीन टी ना? मग दुकानातून पाकीट कशाला आणायचं? — दिंडोरी

दादा, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण रंग हिरवा म्हणून दोन्ही एकच समजणारे पुष्कळ आहेत. गवती चहा हे गवत आहे, त्यात कॅफीन नाही, ईजीसीजी पण नाही. पावसाळ्यात आल्यासोबत उकळून प्यायला छानच, झोपायच्या आधी घेतला तरी चालतो, पण तो ग्रीन टी नाही. तुळशीचा काढाही नाही.

ग्रीन टी त्याच झाडाचा ज्याच्यापासून आपली रोजची चहा पावडर होते, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पानं तोडल्यावर पडतो. वांगं कापून ठेवलं की काळं पडतं बघा, तसंच चहाचं पान चुरगळलं की त्यातलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारं द्रव्य, हवेशी मिळून काम करायला लागतं आणि पान तांबूस काळं होतं, तो काळा चहा. ग्रीन टीसाठी पान तोडल्यावर लगेच गरम करतात, जपानमधे वाफ देतात, चीनमधे कढईत परततात, त्या उष्णतेनं एन्झाइम मरतं आणि पान हिरवं राहतं, कॅटेचिनं शाबूत राहतात. तुमच्याकडे बेदाणा काळपट पडू नये म्हणून गंधकाची धुरी देतात, तिथेही भांडण याच जातीच्या एन्झाइमशी असतं. त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

हे कॅटेचिन चहाच्या पानातून वेगळं काढलं ते मिचियो त्सुजिमुरा या जपानी बाईंनी, १९२९ साली. पुढे १९३२ मधे त्या जपानमधल्या कृषिशास्त्रातल्या पहिल्या महिला डॉक्टरेट झाल्या. सुरुवातीला त्यांना प्रयोगशाळेत बिनपगारी काम करावं लागलं होतं, मुलींना हे सांगावंसं वाटतं म्हणून लिहिलं.

आणि हो, कॅटेचिन फक्त चहातच असतं असं नाही, द्राक्षाच्या बीत आणि सालीत पण असतं. आपल्या देशात ग्रीन टी हवा तर हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातला चांगला मिळतो, कांगडा चहाला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, हॉस्टेलला असते. हिमोग्लोबिन ९.२ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, तीन महिने झाले तरी फक्त ९.६ झालं. ती जेवण झालं की लगेच ग्रीन टी घेते, पचन चांगलं होतं म्हणते, आणि गोळी पण त्याच्यासोबतच गिळते. याचा काही संबंध असेल का? — सिडको

ताई, असू शकतो, आणि मोठा असू शकतो. हे उत्तर जरा लांब होणार आहे पण प्लीज मुलीला फोन करून पूर्ण वाचून दाखवा.

आपण भाजीपोळी, डाळ, नाचणी, राजगिरा यातून जे लोह घेतो ते शरीराला उचलायला आधीच कठीण जातं, मटण मासळीतलं त्यामानानं सोपं. चहातली ही तुरट द्रव्यं, साधा चहा काय नि ग्रीन टी काय, आतड्यात त्या लोहाला धरून ठेवतात, मग ते रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. म्हणजे ज्या कॅटेचिनचं एवढं कौतुक चाललंय तीच इथे आडवी येतात. गोळीतल्या लोहालाही हेच लागू. ती बिचारी रोज न चुकता गोळी घेतेय आणि ग्रीन टी त्यातलं बरंच काढून घेतोय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसोबत २०२४ मधे आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट लिहिलंय की जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा कॉफी घेऊ नका, कारण हेच. हे सगळ्यांनी पाळावं पण बायका मुलींनी तर नक्कीच, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय. शंभरातल्या सत्तावन्न. आपल्या बिल्डिंगमधल्या बायका डोळ्यासमोर आणा आणि मोजा.

मला यात वाईट वाटतं ते वेगळ्या कारणानं. माझ्या आईला मीच सांगितलं होतं जेवणानंतर ग्रीन टी घे म्हणून, कॉलेज संपून नुकतीच कामाला लागले होते, सगळीकडे तेच ऐकायला मिळायचं. वर्षभर ती दमलेली दमलेली असायची, जिना चढताना थांबायची, मी वयावर ढकललं. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्या खाली. तिचं लोह कमी व्हायला इतरही कारणं होती, ती डॉक्टरांनी शोधली, पण ग्रीन टीची वेळ बदलणं हे माझ्या हातात होतं आणि ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून समोर कुणीही बसलं तरी पहिला प्रश्न हाच, चहा जेवणापासून किती लांब आहे.

तर मुलीनं काय करायचं. गोळी पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत, चहा दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. ग्रीन टी हवाच असेल तर सकाळी नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्या मधे एक कप. जेवणात लिंबू पिळायचं, सोबत पेरूची फोड किंवा आवळा, व्हिटॅमिन सीमुळे डाळ भाजीतलं लोह जास्त उचललं जातं, हॉस्टेलवर पेरू मिळायला काही अडचण नसावी. आणि डॉक्टरांना परत भेटाच, कारण १२ च्या खाली ॲनिमिया आणि ११ च्या खाली गेलं की मध्यम, ९.६ ला नुसतं चहावर खापर फोडून थांबता येणार नाही, पाळीत जास्त रक्त जातंय का, जंत आहेत का, बी१२ कमी आहे का हे बघायला लागेल.

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत नाइट शिफ्टला असतो. जिममधे एकानं ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूल दिल्या, सकाळी अनशापोटी दोन घ्यायच्या म्हणाला. महिना झाला. आता भूक लागत नाही, मळमळतं, लघवी पिवळी होते. नैसर्गिक आहे ना, मग चालू ठेवू का? — सातपूर

भाऊ, आजच्या आज बंद करा आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊन लिव्हरची रक्त तपासणी करून घ्या, डबी सोबत न्या. बाकीचं नंतर वाचा.

कपातला ग्रीन टी आणि कॅप्सूल यांचं नाव एक असलं तरी मामला वेगळा आहे. पिणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जातं, तेही घोट घोट. कॅप्सूलमधे ते आटवून भरलेलं असतं आणि एकदम पडतं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ मधे तपासून सांगितलं की पूरक गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसतात, म्हणजे लिव्हरला त्रास होतोय. पुढे तिकडे त्यावर कायद्यानं मर्यादा पण आली. काही लोकांना यापेक्षा कमी डोसमधेही लिव्हरला इजा झालीय, कुणाला होईल हे आधी कळत नाही. अनशापोटी घेतलं की रक्तात त्याची पातळी आणखी वर जाते, म्हणजे तुम्हाला सांगितलेली वेळ सगळ्यात वाईट. भूक जाणं, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं, या लिव्हरच्या खुणा आहेत. तुम्हाला काही नसेलही, तसंच असो, पण तपासणीशिवाय कळणार नाही.

नैसर्गिक आहे म्हणून चालतं हे मनातून काढून टाका, धोतराही नैसर्गिकच आहे. आणि शिफ्टवर जागं राहायला साधा कपातला ग्रीन टी घेतलात तर हरकत नाही, फक्त घरी जाऊन झोपायच्या सहा तास आधी शेवटचा कप.

प्रश्न : वय ६८. रोज सकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालतो. बीपीची गोळी आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. ग्रुपमधले सगळे म्हणतात ग्रीन टी हृदयाला चांगला, जपानी लोक त्यामुळेच शंभर वर्ष जगतात. चालू करू? — गंगापूर रोड

काका, मित्र म्हणतात त्याला आधार आहे. जपानच्या मियागी भागात ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० लोकांवर अकरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं होतं, ते २००६ मधे प्रसिद्ध झालं. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांमधे एका कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू पुरुषांत २२ टक्के, बायकांत ३१ टक्के कमी दिसले. कॅन्सरच्या मृत्यूंमधे मात्र फरक दिसला नाही, हे व्हॉट्सॲपवर कुणी लिहीत नाही. तिथला कप १०० मिलीचा, आपल्या कटिंगच्या जवळपास, आणि त्यात साखर नसते. पण हे नुसतं निरीक्षण आहे, ग्रीन टी भरपूर पिणारा माणूस मासळी आणि भाज्याही जास्त खात असेल, संशोधक असले फरक हिशोबात धरतात तरी सगळे निघत नाहीत. प्रत्यक्ष चाचण्यांमधे बॅड कोलेस्टेरॉल आणि बीपी थोडं उतरलेलं दिसतं, थोडंच, गोळी सोडण्याइतकं मुळीच नाही.

आता महत्त्वाचं. तुमची रक्त पातळ करायची गोळी वॉरफरीन किंवा ॲसिट्रोम असेल, म्हणजे ज्यासाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघावा लागतो ती, तर ग्रीन टी मनानं चालू करू नका. चहाच्या पानात व्हिटॅमिन के असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. कपात ते कमी उतरतं पण कुणी एकदम पाच सहा कपांवर गेलं तर आयएनआर हलू शकतो, आणि माचा, म्हणजे ग्रीन टीच्या पानांची बारीक पूड, असेल तर अख्खं पानच पोटात जातं. बीपीसाठी नाडोलोल नावाची गोळी असेल तर ग्रीन टीनं तिचं शोषण बरंच कमी होतं. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर रोज एकच कप, ठरलेल्या वेळी. चालणं मात्र अजिबात सोडू नका, तुमच्या हृदयासाठी तुम्ही करताय त्यातलं ते सगळ्यात भारी आहे.

थोडक्यात विचारलेले

कडू लागतो, काय करू? (अनेक जण) आपल्याला चहा म्हटलं की आधण ठेवून खळखळ उकळायची सवय, इथे तसं करायचं नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून चार पाच मिनिटं थांबा, ७० ते ८० अंशावर आलं की एक छोटा चमचा पान टाका, झाकण ठेवा, दोन अडीच मिनिटात गाळा. जास्त वेळ ठेवलं की तुरटपणाच उतरतो. टी बॅग कपात तशीच ठेवून पिऊ नका. शक्यतो सुटी पानंच आणा, कारण काही बॅगा प्लास्टिकच्या असतात, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठानं २०१९ मधे मोजलं तेव्हा तसल्या एका बॅगमधून गरम पाण्यात सुमारे ११.६ अब्ज सूक्ष्म प्लास्टिक कण सुटलेले दिसले.

लिंबू पिळलं तर? (नाशिक रोड) जरूर पिळा, कॅटेचिन पोटात जास्त टिकतं आणि चव पण सुधारते.

अनशापोटी घेतलं की पित्त होतं. (पंचवटी) मग नका घेऊ. काहींना मळमळतं, जळजळतं, त्यात तुमचं पोट कमकुवत वगैरे काही नाही. नाश्त्यानंतर तासाभरानं घ्या.

गरोदर आहे, तिसरा महिना चालू आहे, चालेल? (देवळाली कॅम्प) एखादा कप चालतो. दिवसाचं एकूण कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, ग्रीन टीच्या मोठ्या कपात साधारण ३० येतं, पण चहा कॉफी चॉकलेट सगळं धरून मोजा. फॉलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळीसोबत नको, आणि तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

शुगर आहे, गोळी कमी करता येईल का? (आडगाव) नाही. साखरेच्या चहाऐवजी घेतलात तर फायदा आहे, गोळीऐवजी नाही.

प्रश्न : मी ७४ वर्षांची. पन्नास वर्ष सकाळी आलं घालून दुधाचा चहा घेते. मुलानं तो बंद करून ग्रीन टी दिलाय, गिळवत नाही, पण त्याच्या मनाला लागेल म्हणून बोलत नाही. खरंच प्यायलाच हवा का? शुगर बीपी काही नाही. — पंचवटी

आजी, नाही प्यायलाच हवा असं काही नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाची काळजी खरी आहे, पण काळा चहा म्हणजे विष असं कुठे सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमधे जवळपास पाच लाख लोकांची माहिती तपासून २०२२ मधे जे आलं त्यात रोज दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांमधे मृत्यूचं प्रमाण चहा न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्के कमी दिसलं, आणि तो आपल्यासारखाच काळा चहा, दूध घालणारे पण त्यात होते. शुगर बीपी नाही, तर सकाळचा तुमचा आल्याचा चहा तुम्ही बिनधास्त घ्या, साखर एक चमचा करा, सोबत काहीतरी खा. फक्त वाफाळता, तोंड भाजेल असा पिऊ नका, ६५ अंशाच्या वर गरम पेयं रोज पिण्यानं अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बहुधा वाढतो असं कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ मधे सांगितलंय, बशीत ओतून पिण्याची जुनी पद्धत त्यासाठी चांगलीच आहे. हे पान मुलाला दाखवा, आणि मी सांगितलंय म्हणावं की ग्रीन टीचा उरलेला डबा त्यानं स्वतःच्या ऑफिसात न्यावा, दुपारच्या साखरेच्या चहाऐवजी.